डाव आणि तोड

डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात भात कापणीला येऊ लागले की रानातून तारप्याचा सूर ऐकू येतो. गुजरातच्या हद्दीला लागून असलेल्या वेवजीसारख्या गावांपासून जव्हारच्या डोंगरापर्यंत वारली स्त्री-पुरुष एकमेकांना धरून तारपा वाजवणाराभोवती फेर धरतात. फेराच्या म्होरक्याच्या हातात काठी असते. ती जमिनीवर आपटून तो ताल देतो आणि त्या तालाबरोबर सारा फेर वळतो. काठी वर जाते, खाली येते, पण कोणाला लागत नाही. कारण ती कोठे येणार हे फेरातल्या प्रत्येक पायाला आधीच ठाऊक असते. तशीच काठी रात्री रानवाटेने घरी परतणाऱ्याच्या खांद्यावर असते, तेव्हा मात्र तिचा धर्म निराळा होतो. वाटेत जे जनावर किंवा जो माणूस आडवा येईल, त्याला तिचा ताल ठाऊक नसतो. आणि ठाऊक असला तरी तो पाळण्याची त्याची मुळीच इच्छा नसते.

काठी तीच, हातही तेच. समोरचा साथ देतो की नकार देतो, एवढ्यावरून मात्र तिच्या दोन विद्या होतात. या दोन विद्यांची गल्लत होऊ नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

विषय सणाच्या दिवसाला सोडून आहे असे कोणास वाटेल. पण तसे नाही. याच दिवसांत घराघरांपुढे मुले मातीचे किल्ले उभे करतात, त्यांवर अळीव पेरतात आणि ढाल-तलवार घेतलेले मावळे मांडतात. त्या मावळ्यांची विद्या आज आपण कोठे पाहतो? मिरवणुकीत, गणेशोत्सवात, शिवजयंतीला. कोल्हापूरच्या मर्दानी खेळांचे पथक आले की रस्ता थांबतो. दांडपट्ट्याचे लवलवते पाते फिरू लागले म्हणजे पाहणाऱ्याच्या अंगावर काटा उभा राहतो. कोणी तळहातावर लिंबू धरतो, पट्टेकरी ते सपकन कापतो, आणि हाताला ओरखडाही उठत नाही. टाळ्या पडतात. मग एखादा चौकस नातू विचारतो, “पण आजोबा, खरा शत्रू असता तर तो असा हात पुढे करून उभा राहिला असता का?”

प्रश्न पोरवयाचा आहे, पण लहान नाही. गेली कित्येक वर्षे तो साऱ्या जगात विचारला जात आहे. जपानच्या आयकिदो नावाच्या विद्येविषयी तर तो विशेष हिरिरीने विचारला जातो. आयकिदोचे प्रात्यक्षिक पाहण्यासारखे असते. एक जण धावत येऊन मनगट धरतो. गुरू किंचित वळतो, आणि धरणारा जणू आपल्याच वेगाने हवेत गिरकी घेऊन पडतो. सौंदर्यात काही उणे नाही. पण पडणारा हा गुरूचाच शिष्य असतो. त्याने कोणत्या बाजूने धरावे आणि धरल्यावर कसे पडावे, हे त्याला वर्षानुवर्षे शिकवलेले असते. त्याने हात सोडला, मागे खेचला, किंवा दुसऱ्या हाताने ठोसा मारला तर काय, हा प्रश्न बहुतेक वेळा तालमीत उद्भवतच नाही.

आता आपण आपल्या तालमीत येऊ. तालमीच्या भाषेत एक साधा शब्द आहे, त्यात या साऱ्या वादाचा निकाल दडलेला आहे. तो शब्द म्हणजे ‘तोड’. वस्ताद पठ्ठ्याला डाव शिकवतो तेव्हा त्याबरोबर त्या डावाची तोडही शिकवतो. समोरच्याने पट काढला तर पाय कसा मागे न्यायचा, ढाक मारली तर वजन कोठे टाकायचे, धोबीपछाडीसाठी त्याने पाठ वळवली तर ती उचल कशी मोडायची, हे सारे त्याच धड्यात येते. तोड नाही असा डाव नाही, आणि तोडीवरही प्रतिडाव आहेच. म्हणजे समोरचा माणूस नकार देणार, हे कुस्तीच्या भाषेने पहिल्याच दिवशी गृहीत धरलेले आहे. ज्याच्याशी लढायचे त्याला आपल्याकडे ‘जोड’ म्हणतात, हेही पाहण्यासारखे आहे. बरोबरीचा विरोधी मिळाल्याशिवाय मल्ल पुरा होत नाही, ही समजूत त्या एका शब्दात आहे.

आणि ही परीक्षा काही मोठ्या मैदानापुरती राखून ठेवलेली नाही. गावच्या जत्रेत आधी रेवड्यांवर पोरांच्या कुस्त्या लागतात. सात-आठ वर्षांचा पोरगा लंगोट लावून उतरतो, मातीला हात लावून कपाळाला नेतो, आणि परगावच्या अनोळखी पोराशी झोंबतो. कित्येकदा तो पडतो. साऱ्या गावादेखत पाठीला माती लागते. पण त्याला आयुष्यभर पुरेल असा एक धडा मिळतो: घरच्या हौद्यात हमखास लागणारा डाव परक्यावर लागतोच असे नाही. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबागेचे प्रचंड मैदान उभारले, ते १९१२ मध्ये खुले झाले. ते केवळ करमणुकीसाठी होते असे मानणे चूक ठरेल. हजारो डोळ्यांसमोर, परप्रांतीच्या जोडीशी, निकाल लागेपर्यंत लढणे ही विद्येची परीक्षा होती, आणि महाराजांनी त्या परीक्षेसाठी कायमची जागा बांधून दिली.

येथे कोणी म्हणेल, कुस्तीचे ठीक आहे. मातीत पडले तर फार तर कातडे सोलते. पण तलवारीची, पट्ट्याची, भाल्याची तालीम अशी कशी करणार? खऱ्या पात्याने खरा विरोध करायचा म्हटले तर रोज एक पठ्ठा कमी होईल. शंका रास्त आहे. जगभरच्या कित्येक गुरूंनी हीच सबब पुढे केली आहे, की आमचे डाव इतके जीवघेणे आहेत की ते कोणावर करून पाहता येत नाहीत. परंतु आपल्या पूर्वजांनी ही सबब मान्य केली नव्हती. त्यांनी यावर तोड काढली होती, आणि तिचे नाव फरीगदगा.

फरी म्हणजे लहानशी चामड्याची ढाल आणि गदगा म्हणजे चामडे मढवलेली काठी. ती घेऊन दोघे जण समोरासमोर उभे राहत आणि एकमेकांवर खरेखुरे वार करत. कोणी कोठे मारायचे हे ठरलेले नसे. वार चुकला तर अंगावर वळ उठे, पण हात तुटत नसे. तलवारीची विद्या जिवंत ठेवण्याचा तो मार्ग होता. भाल्यासाठी अशीच बोथाटी होती. लांब काठीच्या टोकाला अणीच्या जागी कापडाने मढवलेला गोळा बसवायचा, तो रंगात बुडवायचा, आणि घोड्यावरून एकमेकांवर चाल करायची. ज्याच्या अंगावर रंगाचा ठिपका उमटला त्याला भाला लागला. तेथे वाद घालायला जागा नव्हती. अंगरखाच साक्ष देई. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनी संपादिलेल्या ‘व्यायाम-ज्ञानकोशा’चे खंड १९३६ पासून निघू लागले. आपल्याकडच्या अशा खेळांची केवढी संपत्ती होती याची कल्पना ज्याला हवी असेल त्याने ते जरूर चाळावेत.

मुद्दा लक्षात यावा. पाते बोथट करायचे, पण विरोध बोथट करायचा नाही, हे त्या खेळांचे मर्म. पुढे काळाच्या ओघात नेमके उलटे झाले. पात्याची धार राहिली आणि विरोध गेला.

पाते धारदार आणि विरोधही धारदार असा प्रसंग इतिहासात पाहायचा तर १० नोव्हेंबर १६५९ चा प्रतापगडाचा पायथा आठवावा. भेटीच्या शामियान्यात अफझलखानाने महाराजांना मिठीत आवळले, आणि पुढचे सर्वांस ठाऊक आहे. त्या गर्दीत सय्यद बंडा हा नावाजलेला पट्टेकरी महाराजांवर धावून आला. पट्ट्याचे पाते लांब आणि लवचिक. त्याची मूठ कोपरापर्यंत हात झाकणारी. ते फिरू लागले की जवळ जाणे कठीण. पण जिवा महालाने त्याला वेळेवर गाठून कापला. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण तेव्हापासून आपल्या तोंडी आहे. आपण ती स्वामिनिष्ठेसाठी उच्चारतो, आणि ते योग्यच आहे. पण तिच्यात विद्येचाही एक धडा आहे. सय्यद बंडा काही अडाणी नव्हता. पट्ट्यात तो निष्णात होता म्हणूनच खानाने त्याला बरोबर आणले होते. त्या दिवशी दोन तयार हात एकमेकांसमोर आले, कोणीही कोणाच्या तालावर चालायला तयार नव्हता, आणि त्यांतला एकच उरला.

मग ही विद्या दिखाऊ कशी झाली? दोष पट्टेकऱ्यांचा नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस महादजी शिंद्यांनी डी बॉयनच्या हाताखाली कवायती पलटणी उभ्या केल्या, तेव्हाच रणांगणावरून पट्ट्याचा पाय उतरू लागला होता. बंदूक आणि तोफ यांच्यापुढे हातघाईचा प्रसंगच कमी येऊ लागला. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि हजारो शिलेदार, बारगीर, पायदळाचे शिपाई घरी बसले. विद्या होती, पण चाकरी नव्हती. अशा काळात पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांनी तालीम चालवली. तेथे पट्टा, काठी, नेमबाजी शिकायला जातपात न पाहता तरुण येत. जोतीराव फुले त्यांच्याकडे दांडपट्टा शिकले, आणि वासुदेव बळवंत फडक्यांचे नावही त्याच तालमीशी जोडलेले आहे. लहुजींच्या मनात ही विद्या मिरवणुकीसाठी नव्हती. पण १८७८ चा हत्यारांचा कायदा आला आणि सामान्य माणसाच्या हातून शस्त्र गेले. शस्त्राबरोबर शस्त्रधारी प्रतिस्पर्धीही गेला. उरला तो हात आणि हाताची आठवण. ती आठवण वस्तादांनी पोटाला चिमटा घेऊन जपली, याबद्दल त्यांचे उपकार मानावे तेवढे थोडे. मात्र आठवण आणि कसोटी या दोन गोष्टी एक नव्हेत. लिंबू कापणे हे हाताच्या स्थैर्याचे अपूर्व उदाहरण आहे. पण लिंबू प्रतिकार करत नाही.

मग विरोध न करणाऱ्या वस्तूवर केलेली मेहनत व्यर्थ म्हणावी काय? तसेही नाही. याचे उत्तर मल्लखांबाच्या कथेत आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब नावाचे दोन नामांकित मल्ल पुण्यास आले आणि त्यांनी आव्हान दिले, अशी कथा सांगतात. कोणी पुढे होईना, तेव्हा कोवळ्या वयाच्या बाळंभटदादा देवधरांनी ते स्वीकारले. काही दिवसांची मुदत मागून ते वणीच्या सप्तशृंगीला गेले, तेथे लाकडी खांबावर नव्या पकडी बसवल्या, आणि परत येऊन त्यांनी अलीला चीत केले. गुलाबने लढायचे नाकारले. कथेवरचा दैवी मुलामा बाजूला ठेवला तरी तिचा क्रम फार बोलका आहे. खांबावर तयारी झाली खरी, पण दादांची विद्या सिद्ध झाली ती अलीच्या अंगावर. खांब शरीर घडवतो, पकड घट्ट करतो, भीती घालवतो. तो फसवत नाही, कारण तो लढल्याचे सोंग करत नाही. घोटाळा होतो तो माणसाला खांब करून त्यालाच प्रतिस्पर्धी म्हणवण्यात.

आपल्याकडे फरीगदगा मागे पडत होता त्याच सुमारास जपानात एका तरुण शिक्षकाने हाच प्रश्न सोडवायला घेतला. जिगोरो कानो त्याचे नाव. तेथेही सामुराईंचा जमाना संपला होता, तलवारी उतरल्या होत्या, आणि जुजुत्सूचे जुने आखाडे ओस पडत होते. कानोने दोन जुन्या संप्रदायांचे शिक्षण घेतले आणि १८८२ मध्ये तोक्योच्या एका मंदिराच्या आवारात, बोटांवर मोजण्याइतक्या शिष्यांसह, कोदोकान ही आपली शाळा काढली. त्याने एक धाडसी गोष्ट केली. जे डाव जोडीदाराला अपंग केल्याशिवाय पुरे होत नाहीत ते त्याने मोकळ्या झोंबीतून वगळले. जे उरले ते मात्र पूर्ण जोराने, पूर्ण विरोध करणाऱ्या जोडीदारावर, रोज करायला लावले. या मोकळ्या झोंबीला ते ‘रांदोरी’ म्हणतात. जुन्या गुरूंनी नाके मुरडली: विष काढलेला साप काय कामाचा? पण १८८० नंतरच्या दशकात पोलिसांच्या आश्रयाने जुन्या संप्रदायांशी सामने झाले, तेव्हा कानोच्या शिष्यांनी त्यांतले बहुतेक जिंकले. जीवघेणे डाव पाठ असणाऱ्यांपेक्षा साधे डाव रोज विरोधावर घासणारे सरस ठरले. आपल्या फरीगदग्याचे आणि त्याच्या रांदोरीचे तत्त्व एकच आहे, हे सांगणे न लगे.

आयकिदोचे प्रवर्तक मोरिहेई उएशिबा (१८८३–१९६९) यांनी दुसरी वाट धरली. तेही तरुणपणी कठोर जुजुत्सू शिकलेले, अंगाने भक्कम गृहस्थ. पण पुढे त्यांचे मन अध्यात्माकडे वळले. प्रतिस्पर्ध्याला हरवणे हे ध्येयच नव्हे, त्याच्याशी एकरूप होऊन कलह मिटवणे हे ध्येय, असे ते मानू लागले, आणि आपल्या विद्येत त्यांनी स्पर्धा ठेवली नाही. हा विचार हास्यास्पद नाही. अहिंसेच्या देशात तरी तो कोणी हसण्यावारी नेऊ नये. तथापि त्यांचाच एक शिष्य, केंजी तोमिकी, हा ज्युदोचाही पट्टीचा जाणकार होता. विरोधाशिवाय विद्या खरी की खोटी हे कळणार कसे, हा प्रश्न त्याला स्वस्थ बसू देईना. १९५० नंतरच्या दशकात वासेदा विद्यापीठात त्याने आयकिदोतही मोकळी झोंबी आणली. एकाच्या हातात नकली सुरी द्यायची आणि दुसऱ्याने तिच्यातून वाचायचे. गुरूला हे रुचले नाही. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक होते. एकाला मनाची शांती हवी होती, दुसऱ्याला उत्तर हवे होते.

विरोधाचेही प्रकार असतात, हे मात्र आपल्या गामाने जगाला दाखवले. किंबहुना त्यालाच ते शिकावे लागले. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गामाची कुस्ती पोलंडच्या झ्बिश्कोशी लागली. झ्बिश्कोने पहिल्या काही क्षणांतच गामाचे पाणी ओळखले आणि तो जो जमिनीला चिकटला तो अडीच तासांहून अधिक वेळ उठलाच नाही. गामासारखा गामा, पण न लढणाऱ्याला चीत करणे त्याला त्या दिवशी साधले नाही. कुस्ती बरोबरीत सुटली. पुढच्या आठवड्यात झ्बिश्को मैदानात आलाच नाही, आणि गामाला विजयी ठरवण्यात आले. १९२८ मध्ये पतियाळाला दोघे पुन्हा भेटले तेव्हा गामाने त्याला मिनिटाच्या आत अस्मान दाखवले. विद्या तीच, मल्ल तेच. मैदान, वय आणि समोरच्याची नीती बदलली की निकाल बदलतो. ‘अमुक विद्या चालते का’ असा प्रश्न म्हणूनच अर्धवट आहे. ती कोणावर, कोठे आणि कोणत्या नियमांत, हे विचारल्याशिवाय तो पुरा होत नाही.

याची साक्ष कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांइतकी कोणी दिली नसेल. १९४८ मध्ये ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले. आयुष्य लाल मातीत गेलेले, आणि तेथे पायाखाली गादी. नियम निराळे, वेळेची मर्यादा, गुणांचा हिशेब. त्यांचा सहावा क्रमांक आला. दुसरा कोणी म्हणाला असता की आमची विद्या मातीची, गादीवर तिची परीक्षा घेणेच अन्याय्य. खाशाबा तसे म्हणाले नाहीत. चार वर्षे त्यांनी गादीच्या कुस्तीशी झुंज घेतली. हेलसिंकीला जायचा खर्च जमेना तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. १९५२ मध्ये खाशाबांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक. दुसरे मिळायला १९९६ साल उजाडावे लागले.

या पदकाची एक बाजू फारशी सांगितली जात नाही. त्या गटाचे सुवर्णपदक जपानच्या शोहाची इशी याने जिंकले आणि त्याने खाशाबांनाही हरवले. हा इशी मूळचा ज्युदोचा खेळाडू. महायुद्धानंतर जपानात ज्युदोवर बंदी आली, तेव्हा तो कुस्तीकडे वळला. म्हणजे त्या दिवशी हेलसिंकीच्या गादीवर गोळेश्वरची माती आणि कानोची रांदोरी यांची गाठ पडली. दोघेही आपापल्या घरची गादी-माती सोडून परक्या नियमांत उतरलेले, आणि दोघेही पदक घेऊन परतले. जिथे रोज नकार पचवायला शिकवतात ती विद्या प्रवास करू शकते, याहून चांगला पुरावा कोणता हवा? दहा वर्षांनी, १९६२ च्या जकार्ता एशियाई स्पर्धेत गणपतराव आंदळकर आणि मारुती माने या आपल्या मल्लांनी सुवर्णपदके आणली, तेव्हा हेच पुन्हा दिसले.

अलीकडच्या काळातही उत्तर निराळे आलेले नाही. नोव्हेंबर १९९३ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर येथे निरनिराळ्या युद्धविद्यांचे खेळाडू फारच थोड्या नियमांत एकमेकांसमोर उभे केले गेले. जिंकला तो ब्राझीलचा सडपातळ रॉयस ग्रेसी. आणि ग्रेसी घराण्याला ही विद्या मिळाली होती कानोच्या परंपरेतल्या मायेदा नावाच्या जपानी मल्लाकडून. एप्रिल २०१७ मध्ये चीनमधील चेंगदू येथे वेई लेई हे ताईची गुरू शू श्याओदोंग या झुंजी खेळाडूसमोर उतरले आणि अर्ध्या मिनिटाच्या आत खाली कोसळले. चीनमध्ये मोठा गहजब झाला. परंपरेचा अपमान झाला असे अनेकांना वाटले. वास्तविक अपमान परंपरेचा नव्हता. ज्या परंपरेने कित्येक वर्षे प्रश्न विचारून घेतला नव्हता, तिला तो एकदम विचारला गेला एवढेच.

येथे कुस्तीच्या अभिमान्यांनीही फार फुगून जाऊ नये. हौद्यात एकावर एक असतो, हाती शस्त्र नसते, खाली माती मऊ असते, पंच असतो. जगात यांपैकी काहीच नसते. ज्या भागापासून आपण सुरुवात केली तेथेच याचे भीषण उदाहरण घडले. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी येथे हजारो वारली जमले आणि त्यांनी वेठबिगार न करण्याचा निश्चय केला. त्याच वर्षीच्या १० ऑक्टोबरला तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण मारले गेले. रानात वाढलेल्या त्या माणसांच्या अंगी बळ कमी नव्हते आणि काठी चालवणे त्यांना कोणी शिकवायला नको होते. पण बंदुकीच्या गोळीला काठीत तोड नाही. तोड निघाली ती दुसऱ्याच बाजूने: त्यांनी जमीनदारांचे काम करायचेच नाकारले, एकजुटीने नाकारले, आणि वेठ मोडली. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात तो काळ नोंदवून ठेवला आहे. समोर कोण आहे हे नीट ओळखणे, हीच कोणत्याही युद्धविद्येची पहिली पायरी, असे त्यातून कोणी शिकला तर वावगे नाही.

हा सारा खटाटोप निव्वळ जुन्या आठवणींसाठी नाही. आज गावोगावी मुलींसाठी स्वसंरक्षणाची शिबिरे भरतात, आणि भरली पाहिजेत. पण पुष्कळ ठिकाणी आठ-दहा दिवसांत चार-सहा झटके शिकवून, टाळ्यांच्या गजरात प्रशस्तिपत्र देतात. मनगट धरणारी मैत्रीण असते. झटका दिला की ती हसत हात सोडते. आईबाप निर्धास्त होतात. उद्या मनगट धरणारा दुप्पट वजनाचा, रागावलेला, हात न सोडणारा असेल, याचा विचार त्या मांडवात कोणी करत नाही. विद्या नसलेला माणूस निदान पळून जातो. खोटी विद्या असलेला मात्र उभा राहतो. खोट्या धीराची किंमत मुलीने भरावी, हे आपल्याला परवडणारे नाही.

म्हणून मुलाला किंवा मुलीला कोठेही घालण्यापूर्वी घरच्या वडीलधाऱ्यांनी जाऊन तेथली तालीम एकदा पाहावी. सिनेमातल्यासारख्या गिरक्या किती होतात ते पाहू नये. जोडीदार सुटायचा, उलटायचा, नकार द्यायचा प्रयत्न करतो की नाही, ते पाहावे. लहानाला मोठ्याबरोबर, हलक्याला जडाबरोबर कधी झोंबू देतात का, ते विचारावे. आणि वस्तादांना अदबीने विचारावे, “वस्ताद, आपण कधी हरलात का?” खरा वस्ताद हसून दोन-चार नावे सांगेल, कोणत्या डावावर पडलो हेही सांगेल, आणि त्याची तोड पुढे कशी शोधली ते रंगवून सांगेल. जो कधीच हरला नाही म्हणतो, तो बहुधा कधी लढलेला नसतो.

याचा अर्थ मिरवणुकीतला पट्टा बंद करावा असा मुळीच नाही. आयकिदो शिकणाऱ्याने ती सोडावी असाही नाही. पडायचे कसे, तोल राखायचा कसा, संतापायचे नाही कसे, हे तेथे उत्तम शिकता येते. आणि म्हातारपणी घसरून पडणाऱ्याला पहिल्या धड्याचा उपयोग शत्रूपेक्षा अधिक होतो. पट्टा फिरवणारी पोरे व्यसनापासून दूर राहतात, त्यांचे खांदे रुंदावतात, आणि तीनशे वर्षांपूर्वीचा हात आजच्या मनगटात जिवंत राहतो. हे सगळे मोलाचेच आहे. फक्त त्याला त्याच्या खऱ्या नावाने ओळखावे. आणि जमेल त्या तालमीने पट्ट्याशेजारी फरीगदगाही पुन्हा खाली उतरवावा. लागणारे साहित्य फार नाही: दोन चामडी काठ्या, दोन लहान ढाली, आणि एकमेकांना खुशीने वळ उठवू देणारे दोन मित्र.

अंगणातल्या मातीच्या किल्ल्यावर तटाशी उभा असलेला मावळा कोणाशीच लढत नाही. त्याचे काम फक्त उभे राहण्याचे. पण तो ज्यांच्या नावाने उभा आहे, त्यांना एकेका डावाची तोड येत होती, आणि तोडीवरचा डावही. दिवाळीच्या सुट्टीत मुले किल्ला सजवून दमली, फराळावर ताव मारून झाला, की त्यांना एखाद्या दिवशी जवळच्या तालमीत घेऊन जावे. हौद्याच्या कडेला बसवावे. दोन पोरे घामाने निथळत एकमेकांना पाडू पाहत आहेत, एक पडते, उठते, माती झटकते आणि पुन्हा हात मिळवते, एवढे त्यांनी पाहिले तरी आजोबांना विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यांना मिळून जाईल.